अलिबाग : आज पाण्यावर काय दिसलं?

मीठभाकर | शनिवार, सकाळी ११:०५

गेल्या गणपतीत ठाण्याचं घर मुलाच्या ताब्यात देऊन आम्ही दोघं अलिबागला कायमचे राहायला आलो. माझं माहेर वर्सोलीचं, म्हणजे गाव नवं नाही. पण तीस वर्षं मे महिन्यापुरतं यायचं आणि आता रोज पहाटे त्याच वाळूत चालायचं, यात फरक पडतो. एक तर इथे कोणी 'समुद्र' म्हणत नाही, हे मी विसरलेच होते. पाणी आलं, पाणी गेलं, आज पाणी मोठं आहे. बस.

आज साडेसहाला सुरूच्या बनातून पुळणीवर उतरले तर समोर एक पांढरी चारचाकी, पुढची दोन्ही चाकं अर्धी वाळूत. आत चार मुलं, डोळे चोळत. ओहोटीला पुळण अशी टणक दिसते की डांबरी रस्ताच वाटावा. त्यावर रात्री गाडी नेली, गाणी लावली आणि तिथेच झोपली. आज चतुर्दशी, उद्या अमावास्या, म्हणजे उधाणाचं पाणी. त्यातला एकजण मला विचारतो, "काकू, पाणी इथपर्यंत येतं का?" मी म्हटलं, "बाळा, तुझ्या पाठीमागे ती सुरूची मुळं उघडी पडलीत ना, ती पाण्यानेच उघडी पडलीत."

मग ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टरवाल्याने आधी पैसे ठरवले, मग दोर काढला. पैसे ठरेस्तोवर टायरला पाणी लागलं होतं, त्यामुळे घासाघीस फार चालली नाही. साडेदहाला परत डोकावले तेव्हा गाडी होती त्या जागी पोरं पोहत होती.

बाकी किरकोळ : घोडागाडीचे दोन घोडे पाण्यात उभे करून धुतले जात होते, त्यातला एक पाण्याला घाबरतो. समुद्राकाठच्या घोड्याने पाण्याला घाबरावं! कोळीवाड्यात वलांड्यांवर, म्हणजे मासे वाळवायच्या बांबूच्या मांडवांवर, बोंबील चढलेत. उद्या अमावास्या म्हणून चिंबोऱ्यांचा भाव आजच चढला.

रोज असं काहीतरी दिसतं. सांगायला घरात एकच माणूस, तोही पेपरामागून "हं" म्हणतो. म्हणून हा धागा. तुम्हाला जे दिसेल ते टाका. फोटो नसला तरी चालेल, मासळीचे भाव असले तर उत्तम.

---

कुरव | शनिवार, दुपारी १:३०

धाग्याला बुकिंग. मी आठवड्यातून दोनदा मांडवा ते गेटवे करतो, तेव्हा माझ्याकडून पाण्याच्या मधोमधची बातमी.

सध्या बोटीच्या मागे पक्ष्यांची जत्रा आहे. लोक त्यांना सरसकट 'सीगल' म्हणतात आणि वेफर्स फेकतात. मराठीत कुरव. (होय, म्हणूनच हा आयडी.) नोव्हेंबरात येतात, मार्चअखेर बहुतेक जातात. त्यात तपकिरी डोक्याचे बरेच असतात, हे लडाख आणि त्यापलीकडच्या मध्य आशियातल्या तळ्यांवर अंडी घालणारे. गंमत म्हणजे हिवाळ्यात त्यांचं डोकं तपकिरी नसतंच. पांढरं असतं, डोळ्यामागे एक काळपट ठिपका. निघायच्या दिवसांत काहींचं डोकं रंगायला लागतं, तेव्हा मला कळतं की उकाडा आला.

काल एका आजोबांनी नातवाला सांगितलं, "हे पक्षी बोटीबरोबर मुंबईहून येतात आणि संध्याकाळच्या बोटीने परत जातात." मी दुरुस्त केलं नाही. माझं वर्णन यापेक्षा वेगळं नाही.

---

चिंचपोकळी_ते_चौल | शनिवार, दुपारी २:१०

>> अमावास्या म्हणून चिंबोऱ्यांचा भाव

हे खरं आहे की मच्छीवाल्यांची युक्ती? आमची आई सांगायची, अमावास्येची चिंबोरी भरलेली, पौर्णिमेची पोकळ. नवऱ्याच्या मते थोतांड.

---

मीठभाकर | शनिवार, दुपारी २:४०

शास्त्र मला माहीत नाही. मी हातात घेऊन वजन बघते आणि पोटाखालचं कवच अंगठ्याने दाबते. दबलं तर परत टोपलीत. मात्र भाव अमावास्येला चढतो, एवढं शास्त्र नक्की.

---

सवडीने_सदाशिव | शनिवार, रात्री ९:१५

धागा आवडला. एक व्यावहारिक प्रश्न. येत्या गुरुवारी माघी गणपती. आम्ही पुण्याहून चौघं अलिबागच्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यातल्या गणपतीला यायचं म्हणतोय. चालत जाता येतं असं ऐकलं. नेटवर एकाने लिहिलंय सकाळी जा, दुसऱ्याने लिहिलंय दुपारी जा, तिसऱ्याने लिहिलंय बोटीने जा. नक्की वेळ सांगू शकेल का कोणी? आमच्यात एक सासूबाई आहेत, वय ७१, त्या घोडागाडीत बसायला तयार नाहीत.

---

पाऊणकी | रविवार, सकाळी ७:५०

सदाशिवराव, तिघांचंही बरोबर असू शकतं, कारण तिघे वेगवेगळ्या तिथीला गेले असणार.

मी इथे शाळेत गणित शिकवून निवृत्त झालो. आमच्याकडची जुनी रीत सांगतो. तिथीला पाऊणने गुणा, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. शुद्ध पक्ष असो वा वद्य, प्रतिपदेपासून मोजायचं. त्यात सहा तास मिळवले की पूर्ण ओहोटी. गुरुवारी चतुर्थी. चार पाऊणे तीन. म्हणजे पहाटे तीन आणि दुपारी तीनला भरती, सकाळी नऊच्या सुमारास ओहोटी. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे भरती सहाला आणि ओहोटी बाराला.

यात जादू नाही. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, भरतीही तेवढीच मागे सरकते. पन्नास मिनिटांची पाऊणकी नसते म्हणून आपल्या लोकांनी पाऊण तास धरला. त्यामुळे पंधरवड्याच्या शेवटी हिशोब थोडा मागे राहतो. पंधरा पाऊणे सव्वाअकरा येतात, पण पौर्णिमा-अमावास्येला इथे पाणी बाराच्या आसपास भरतं. कालची गाडी चतुर्दशीची : चौदा पाऊणे साडेदहा. मीठभाकर यांनी साडेदहाला पोरं पोहताना पाहिली, गणित जुळलं.

आता यातली मेख. घड्याळाच्या सोयीने पाहिलं तर अष्टमी उत्तम, भर दुपारी ओहोटी. पण अष्टमीच्या मागेपुढे भांगाचं पाणी असतं. भरतीही लहान, ओहोटीही लहान. पाणी आटतच नाही नीट, मधल्या पट्ट्यात गुडघा-मांडीपर्यंत उभं राहतं. उधाणाला पाणी लांबवर जातं, पण तेव्हा ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास येते, म्हणजे परत येताना काळोख. चतुर्थी या दोन्हींच्या मधली आहे. साडेसात-आठला निघा, साडेदहाच्या आत किनाऱ्यावर परत या. आत रेंगाळू नका.

आणि हा हिशोब मुंबई-रायगडच्या किनाऱ्याचा आहे. तो घेऊन मालवणला जाऊ नका, तिथलं पाणी वेगळ्या वेळेला भरतं.

सासूबाईंना घोडागाडीत बसवा. चालणं दिसतं त्यापेक्षा लांब आहे.

---

आगरी_बाणा | रविवार, सकाळी ८:३०

सरांचा हिशोब बरोबर हाय. मी त्यांच्याच वर्गात होतो, पाऊणकी येत नव्हती म्हनून अंगठं धरून उभा होतो.

पन एक सांगतो. पानी बगून जावा, घड्याल बगून नको. वारा आसला की पानी येलेच्या आधी येतं. घोडागाडीवाला "आता नको" बोलला तर त्याचे संगती वाद घालायचा नाय.

---

वीकएंडवाला | रविवार, सकाळी १०:२०

एक वेगळा विषय. आम्ही तीन वर्षांपूर्वी इथे छोटा बंगला घेतला. जागा सुंदर, शेजार चांगला. पण ऑक्टोबर ते मे कंपाउंडच्या पलीकडे बांबूच्या मांडवांवर मासे वाळत असतात. पाहुणे आले की पहिला प्रश्न वासाचा. यासाठी गावापासून दूर वेगळी जागा ठरवून देता येणार नाही का? कोणाच्या पोटावर पाय द्यायचा नाही, पण पर्यटनाच्या दृष्टीने विचार व्हावा.

---

आगरी_बाणा | रविवार, सकाळी १०:२६

साहेब, तुमचा बंगला तीन वर्सांचा. वलांडी आमच्या आजीच्या टायमाची. वास तवा पन होता. तुमाला प्लॉट पावसाल्यात दाखवला आसंल, तवा बोंबील नसतान.

---

चिंचपोकळी_ते_चौल | रविवार, सकाळी १०:४०

हसून हसून पुरेवाट! पावसाळ्यात दाखवला असेल!!

---

वीकएंडवाला | रविवार, सकाळी ११:०२

जुलैत दाखवला होता. हसा.

---

मीठभाकर | रविवार, दुपारी १२:१५

हसण्यावारी नको न्यायला, प्रश्न त्यांनी साध्या मनाने विचारलाय. आज मुद्दाम कोळीवाड्यात जाऊन तासभर बसले, तर जे बघितलं ते लिहिते.

बोंबील वलांडीवर चढवणं हे हातांचं काम आहे आणि ते बायकाच करतात. एक बोंबील डाव्या हातात, एक उजव्या. दोघांचे जबडे एकमेकांत अडकवायचे, दातांत दात, आणि ती जोडी दोरीवर टाकायची. एक इकडे लोंबतो, एक तिकडे. गाठ नाही, खिळा नाही. माझ्यासमोर बसलेल्या मावशीचे हात इतके भरभर चालत होते की मी मोजायचं सोडून दिलं. मी दोन जोड्या लावल्या. एक पडली. दुसरीने बोटाला रक्त काढलं, बोंबलाचे दात सुईसारखे असतात. मावशी म्हणाली, "तू पैसं देऊन घे, तुला तेच जमंल."

वलांडी वाऱ्याच्या दिशेला धरून बांधतात. ऊन लागतंच, पण त्याहून वारा लागतो, म्हणून किनाऱ्याला लागूनच जागा हवी. गावाबाहेर, आडोशाला हे होणार नाही. शिवाय रात्री दव पडलं किंवा ढग आले तर झाकायला धावायचं असतं, त्यामुळे घराच्या हाकेवर हवी. मांडव तुमच्या कंपाउंडजवळ आला नाही, तुमचं कंपाउंड वाऱ्याच्या जागेत आलं.

आणि हा माल कशासाठी? १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. होड्या वर ओढून शाकारलेल्या. ते एकसष्ट दिवस आणि पुढे नारळी पौर्णिमेपर्यंतचे दिवस घरात हेच. सुका बोंबील, जवळा, वाकट्या, सोडे. विकायलाही हेच आणि खायलाही हेच.

वास येतो, नाकारत नाही. माझ्या नवऱ्याला ठाण्यात तीस वर्षं आला नव्हता, आता रोज येतो. तो खिडकी लावतो आणि जेवायला बसल्यावर बोंबलाची चटणी मागतो.

---

पाऊणकी | रविवार, दुपारी १२:५०

+१. शेवटच्या वाक्याला +२.

---

कढीपत्ता | रविवार, संध्याकाळी ५:३०

मासळीवरून कांद्यावर. अलिबागचा पांढरा कांदा आलाय का? आज वडखळ नाक्याच्या पुढे एका ठेल्यावर वेण्या लटकत होत्या, "खास अलिबागचा" म्हणत होता.

---

आगरी_बाणा | रविवार, संध्याकाळी ५:४५

नाय आला. आमचा अजून वावरात हाय. भात कापल्यावर लावतान, फेब्रुवारी-मार्चात निघतो. आता मिलतो तो आमचा नाय, भायेरचा, वेनी बांदून उभा केलेला. खंडाले, कार्ले, नेहुली या बाजूला महिन्यानी या. घरासमोर म्हातारी वेनी बांदताना दिसली तरच घ्या. चावून बगा, तिखट लागला तर परत द्या.

---

कढीपत्ता | रविवार, संध्याकाळी ५:५०

तीन वेण्या घेतल्या आहेत. चावून बघितला. डोळ्यांत पाणी आलं.

---

मीठभाकर | सोमवार, सकाळी ९:००

काल रात्री भाचरांनी परड्यात पोपटी लावली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, मीठ आणि ओवा, मध्ये अंडी, बटाटे. ज्यांना लागते त्यांच्यासाठी मसाला लावलेली कोंबडी केळीच्या पानात गुंडाळून. वरून पुन्हा पाला कोंबून तोंड बंद. मडकं उपडं ठेवायचं आणि चारी बाजूंनी पेंढा-काटक्या पेटवायच्या. पाण्याचा थेंब नाही, शेंगा आपल्याच वाफेवर शिजतात. झाली की नाही बघायला तापल्या मडक्यावर पाण्याचा शिंतोडा मारतात, चर्रर्र झालं की उतरवायची.

भाचा पुण्याहून एक मित्र घेऊन आला होता. तो म्हणाला, हे कुकरमध्ये होईल की. सगळे त्याच्याकडे असे बघायला लागले की तो बिचारा उठून पेंढा आणायला गेला.

भांबुर्डा हा रानात रस्त्याकडेला उगवणारा साधा पाला. आम्ही लहानपणी फुकट उपटून आणायचो. काल बाजारात त्याची जुडी विकायला होती!

---

खारफुटी | सोमवार, दुपारी ३:२०

धाग्यात समुद्र आला, मासे आले, कांदा आला. मी एका जागेची आठवण करून देतो, जिच्यासमोरून आपण सगळे रोज भेळ खात जातो आणि आत काय आहे ते विचारत नाही : किनाऱ्याजवळची चुंबकीय वेधशाळा.

मूळ वेधशाळा मुंबईत कुलाब्याला होती. तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी १८४१ पासून होत होत्या. १८५९ च्या प्रचंड सौर वादळाचा झटकाही तिथल्या उपकरणांवर उमटला. पुढे मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणायचं ठरलं. विजेच्या ट्रामने सुया थरथरणार, म्हणून संचालक नानाभॉय मूस यांनी नवी जागा शोधली. मुंबईपासून जवळ, पण वीज आणि ट्राम पोचणार नाहीत अशी. ती जागा अलिबाग. १९०४ पासून इथे नोंदी सुरू झाल्या, आणि काही काळ दोन्हीकडे एकाच वेळी वाचनं घेतली, म्हणजे जुनी मालिका नव्याला नीट जोडता यावी. मुंबईत विजेची ट्राम १९०७ मध्ये धावली. उपकरणांच्या खोल्या लोखंड टाळून बांधलेल्या आहेत.

थोडक्यात, इथे काहीच येणार नाही या खात्रीवर अलिबागची निवड झाली आणि त्यामुळे जगातल्या सर्वांत दीर्घ नोंदींपैकी एक आपल्याकडे आली. लोक अजून रेल्वे का नाही म्हणून विचारतात. (थळच्या खत कारखान्यासाठी पेणहून मालगाडीचा रूळ आहे. प्रवासी बघत बसतात.)

---

कुरव | सोमवार, दुपारी ३:४५

म्हणजे 'अलिबागसे आया है क्या' म्हणणाऱ्यांना उत्तर मिळालं. हो, आणि तुमच्या ट्रामच्या आधी आलो.

यावरून आठवलं, त्या वाक्यावर बंदी घाला म्हणून एक जण उच्च न्यायालयात गेला होता. २०१९ साली याचिका फेटाळली. विनोद प्रत्येक समाजावर होतात, मनाला लावून घेऊ नका, असा न्यायालयाचा सूर होता.

---

आळीतली | मंगळवार, पहाटे १:४०

नमस्कार मंडळी. मी अश्दोदहून लिहिते आहे, इस्रायल. माझा जन्म अलिबागच्या इस्राएल आळीतला, सातवीपर्यंत तिथेच शिकले. मराठी लिहायची सवय कमी झाली आहे, चुका पोटात घाला.

मीठभाकर ताई, तुमचं बोंबलाचं वाचून इथे रात्री झोप लागेना. आम्हा बेने इस्राएलांना, म्हणजे कोकणातल्या ज्यूंना, धर्माप्रमाणे खवले आणि पर असलेलीच मासळी चालते, म्हणून चिंबोरी, कोळंबी घरात नाही. पण बोंबलावरून आमच्या घरी मोठा वाद असे. आजी म्हणायची खवले आहेत, पण बारीक, आणि काका भिंग घेऊन बसायचे. निकाल लागला नाही. बोंबील मात्र शिजायचे.

आमच्या लोकांची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. गलबत फुटलं, सात जोडपी नवगावच्या किनाऱ्याला लागली, बुडालेल्यांना तिथेच पुरलं. ती जागा आजही आहे. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव आम्हाला 'शनवार तेली' म्हणायचं. आडनावं सगळी गावांची : किहीमकर, चेऊलकर, नवगावकर, झिराडकर. इथे कोणी आडनाव सांगितलं की माझ्या डोळ्यांपुढे एसटीची पाटी येते.

अलिबागजवळच्या खंडाळ्याला एक खडक आहे, एलियाहू हनाबी या आमच्या प्रेषितांचा रथ तिथून आकाशात गेला आणि चाकांच्या खुणा उमटल्या म्हणतात. आम्ही तिथे जाऊन मलिदा करायचो. भिजवलेले पोहे, गूळ किंवा साखर, खोबरं, वर फळं. इथे पण मलिदा होतो. नारळ दुकानात मिळतो, पण त्याला पाणी नसतं.

एकच विचारते. आळीतल्या सिनेगॉगच्या बाजूने बाजाराकडे जाताना पानाचं आणि फुटाण्यांचं दुकान होतं. आहे का?

---

मीठभाकर | मंगळवार, सकाळी १०:१०

बाई, सकाळीच जाऊन आले. सिनेगॉग आहे, नीट राखलेलं आहे, दार बंद होतं पण अंगण झाडलेलं होतं. फुटाण्यांचं दुकान नाही. तिथे मोबाइलचं आहे. पण मोबाइलवाल्याला विचारलं, तर म्हणाला, "आमच्या आजोबांचं होतं ते, भट्टी मागे अजून आहे, आता तिच्यावर खोकी ठेवतो." भट्टी बघितली. विटांची आहे, तोंडाशी काळी.

---

आळीतली | मंगळवार, दुपारी १२:२५

काळी असणारच. मी तिथे हात भाजला होता.

---

वीकएंडवाला | बुधवार, रात्री ८:००

कळवायला हरकत नाही म्हणून कळवतो. रविवारच्या चर्चेनंतर पलीकडच्या मावशींकडे गेलो, एक किलो सुके बोंबील घेतले. मुंबईला आणले. आता वास कपाटातून येतोय. कसे ठेवायचे?

---

आगरी_बाणा | बुधवार, रात्री ८:०४

आता कंपाउंड कुटं सरकवाल?

---

मीठभाकर | बुधवार, रात्री ८:३०

गप रे तू. वीकएंडवाले, दुपारच्या कडक उन्हात पुन्हा दोन दिवस घाला. डोकी-शेपट्या काढून टाका, वास निम्मा त्यातच असतो. मग घट्ट झाकणाच्या डब्यात. पावसाळ्याआधी एकदा पुन्हा ऊन दाखवा.

---

सवडीने_सदाशिव | गुरुवार, रात्री १०:४०

वृत्तांत.

पहाटे पावणेचारला पुणं सोडलं. आठला पाच कमी असताना अलिबागच्या पुळणीवर. पाणी हटत होतं, माणसांची रांग किल्ल्याकडे लागलेली. सासूबाई घोडागाडीला नाही म्हणाल्या आणि चालायला लागल्या. पाऊणकी सर, पाणी घोट्यापर्यंत होतं, एका ठिकाणी पोटरीपर्यंत. गणित चोख.

किल्ल्याचा तट बघून थक्क झालो. एवढाले दगड नुसते एकावर एक रचलेले, मध्ये चुना नाही. तिथल्या एका वृद्ध गृहस्थांनी सांगितलं, लाट आली की पाणी फटींतून आत शिरतं आणि जोर मोडतो, म्हणून तट टिकला. रघुजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलेलं गणपतीचं देऊळ, तिथे चांगलीच रांग. आणि चारी बाजूंना खारं पाणी असताना आत गोड्या पाण्याची विहीर! सासूबाईंनी बाटली भरून घेतली.

उत्तरेच्या तटावर चाकांच्या गाड्यावरच्या दोन तोफा आहेत. एक गाइड जोरात सांगत होता, "ह्या तोफांनी आंग्र्यांनी इंग्रजांची जहाजं बुडवली." तोफेवर साल कोरलंय, १८४९, आणि इंग्लंडातल्या यॉर्कशायरच्या कारखान्याचं नाव. आंग्र्यांचं संस्थान त्याआधीच इंग्रजांनी खालसा केलेलं. मी त्याला हे सांगितलं. आमच्या हिने मला कोपराने ढोसलं. गाइड म्हणाला, "साहेब, तुम्ही पुण्याचे का?"

या वादात आणि प्रसादाच्या रांगेत अकराला दहा कमी झाले. परत निघालो तेव्हा मधल्या पट्ट्यात पाणी गुडघ्याच्या वर. सासूबाई एका घोडागाडीवाल्याला हात करून केव्हाच चढल्या होत्या आणि वरून आमचे फोटो काढत होत्या. माझी डावी सँडल चिखलात अडकली, पाय निघाला, सँडल राहिली. निळी, नवी. बंद लावायला हवा होता.

---

पाऊणकी | शुक्रवार, सकाळी ७:३०

साडेदहा म्हटलं होतं.

---

सवडीने_सदाशिव | शुक्रवार, सकाळी ९:१०

तोफेचं साल चुकीचं जात होतं हो सर.

---

खारफुटी | शुक्रवार, सकाळी ११:००

सालांची इतकी आवड असेल तर पुढच्या वेळी अक्षीला थांबा, अलिबागहून नागावच्या रस्त्यावरच आहे. तिथला शिलालेख शके ९३४ चा, म्हणजे इ.स. १०१२ चा, असं वाचन केलं गेलंय. मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत त्याचं नाव घेतात. लेख मोडणाऱ्याला दिलेली शिवीही त्यावर कोरलेली आहे. तिथे ओहोटी बघावी लागत नाही.

---

मीठभाकर | रविवार, सकाळी ८:२०

आज सप्तमी. पाणी भांगाचं, ना धड आत ना धड बाहेर. घाबरणारा घोडा आज पोटापर्यंत पाण्यात उभा होता, पण मालकाचा खांदा दातात धरून. वर्सोलीच्या अंगाला पुळणीवर नारळाची करवंटी, दोन बाटल्या, जाळ्याचा एक तुकडा आणि एक निळी सँडल. डावी. बंद शाबूत आहे. सुरूच्या तुटक्या फांदीला अडकवून ठेवली आहे, कुत्र्यांच्या उंचीच्या वर.

---

सवडीने_सदाशिव | रविवार, सकाळी ९:०५

ताई, उजवी काल भंगारवाल्याला दिली.